काकूंचं पॅनल दुपारी का पडतं

लोहाऱ्याच्या शाळेवर माझी बदली झाली आणि भाड्याची खोली शोधत मी त्या घरापाशी गेले, तेव्हा फाटकावर ओळीनं चार बेल होत्या. चारही सारख्या, खाली कुणाचं नाव नाही. मी आपली पहिली दाबली. आतून आवाज आला, "ती माझी हाय. तुमचं काम कुणाकडं हाय?" मी म्हटलं, खोली बघायची आहे. "मग चौथी दाबा." मी मुकाट्यानं चौथी दाबली, आणि मग त्याच माणसानं येऊन फाटक उघडलं. तसंच मागं फिरावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण शाळा सुरू व्हायला आली होती आणि गच्चीवरची ती खोली चांगली हवेशीर होती.

सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. उंच, सडसडीत माणूस, आणि सदऱ्याच्या खिशात लोक जिथं पेन अडकवतात तिथं यांचा टेस्टर. एका साखर कारखान्यात उसाची वाहनं मोजायच्या काट्यावर त्यांची सगळी नोकरी गेलेली. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर शेतात लक्ष घालतात. अण्णा घराच्या वायरिंगला लागले होते.

"ज्याचं त्याला" हे त्यांचं ब्रीद. घरात प्रत्येकाचा कप वेगळा, टॉवेल अडकवायचा खिळा वेगळा, बादली वेगळी, पाण्याची टाकीसुद्धा वेगळी. गच्चीवर टाक्यांची आणि व्हॉल्व्हची अशी रांग होती की पाणी सोडायला वर गेलेलं माणूस लवकर खाली यायचं नाही. खालच्या मजल्यावर तहसीलमधले एक भाडेकरू राहायचे. त्यांचा कप एकदा चुकून माझ्या हातात आला, तर अण्णांनी तो काढून घेतला, चहा माझ्या कपात ओतला, आणि मग म्हणाले, "हां, आता घ्या." हे सगळं वेगळं वेगळं ध्यानात ठेवायचं, घासायचं आणि भरायचं काम मात्र काकू एकट्या करत. काकू म्हणजे अण्णांच्या बायको. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, आणि अण्णा बोलत असताना हातातलं काम कधी न थांबवणाऱ्या.

असं का, हे अण्णा कुणालाही सांगत, विचारलं नाही तरी सांगत. लहानपणी त्यांचं घर मोठं होतं. एका चुलीवर सगळी भावकी जेवायची, आणि एकाला ताप आला की सगळ्यांच्या ताटात मऊ भात. पुढं काट्यावर तेच. उसाचा एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन काट्याच्या तोंडाशी बसला की मागं फर्लांगभर रांग, आणि त्या रांगेच्या सगळ्या शिव्या अण्णांना. "एकाचं दुखणं समद्यांनी का म्हणून सोसायचं?" असं ते मला विचारायचे, जणू मीच त्या ट्रॅक्टरची हवा सोडली होती.

तर अशा माणसाच्या घरी सोलरवाला आला. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी सोलर होतं. उमरग्याहून एक दुकानदार आला, बैठकीत बसला, आणि समजावून सांगायला लागला. गच्चीवर सहा पॅनल, ती सगळी एकामागं एक तारेनं जोडायची, आणि खाली भिंतीवर एक मोठा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा. अण्णांनी विचारलं, एका पॅनलवर सावली पडली तर? बिचारा खरं बोलला. म्हणाला, मग सगळ्यांचंच जरा कमी होतंय. अण्णांनी त्याच्यासमोरचा कप उचलला. त्यात अजून चहा होता. "हे आमच्या जुन्या घरासारखं झालं," ते म्हणाले, "तितनंच तर मी बाहेर पडलो."

मग मोबाइलवर बघता बघता त्यांना मायक्रोइन्व्हर्टर सापडला. प्रत्येक पॅनलच्या पोटाखाली त्याचा स्वतःचा छोटा डबा. एक पॅनल झाकलं तरी बाकीची पाच आपलं आपलं काम करत राहणार. अण्णांना काय आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यभर आपण जे ओरडून सांगत होतो ते कुणीतरी कारखान्यात तयार करून विकायलाच काढलंय, असं त्यांना झालं. भाजीवाली आली की तिला, पोस्टमन आला की त्याला, तहसीलवाल्या भाडेकरूंना तर जाता-येता, एकच वाक्य ऐकवायचे: एकावर सावली पडली तर बाकीच्यांचं काय अडत न्हाय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूही ते ऐकत होत्या.

पॅनल मात्र त्यांनी एका ठिकाणाहून घेतली नाहीत. एकाच दुकानातून सहा घेतली की सहाही सारखीच फसवतात, हा त्यांचा हिशेब. दोन लातूरहून, दोन सोलापूरहून, दोन उमरग्याहून, त्या चहा अर्धा राहिलेल्या दुकानदाराकडूनच. तीन जातींची पॅनल झाली. मग कुठल्या पॅनलला कुठला डबा हा घोळ सुरू झाला. पॅनल भिंतीला टेकवून उभी, समोर खाटेवर डबे मांडलेले, आणि अण्णा भिंग घेऊन पॅनलच्या पाठीवरचा कागद वाचतायत. पाहुणे आले की खाली सतरंजीवर बसत. खाटेवर बसायची कुणाची छाती नव्हती.

मला विज्ञान शिकवायला होतं म्हणून मी आयतीच सापडले. शाळेतून आले की जिन्याशी पकडायचे. "वॅट जास्त असलं तर चालतंय मॅडम. आईनं तीन भाकरी केल्या आन पोरगं दोनच खातंय, एक उरंल. पण व्होल्ट जास्त झालं की पोरगंच जातंय." लातूरचा दुकानदार फोनवर म्हणाला होता की कुठलाही डबा कुठल्याही पॅनलला चालतो. 'चालतंय' या शब्दाचा अण्णांना मनस्वी राग. त्यात त्यांनी कुठंतरी वाचलं की थंडीत पॅनलचं व्होल्टेज चढतं. "माझं बीपी चढतंय तसंच," ते म्हणाले, आणि जानेवारी लागल्यावर एका पहाटे माझी बेल वाजली. मी गोधडीसकट दार उघडलं.

"मॅडम, थंडी वाजायलीय का?"

मी म्हटलं, वाजतेय.

"किती?"

आता याला काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी थर्मामीटर टांगला गेला आणि महिनाभर रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी जिन्यातून खाली आकडा ओरडत होते. शेवटी निघालं असं की सोलापूरच्या दोन पॅनलचं व्होल्टेज कडाक्याच्या थंडीत त्यांच्या डब्यांना झेपणाऱ्या हद्दीच्या बाहेर जात होतं. अण्णा बरोबर होते. ते दोन डबे परत गेले, दमदार आले. पण अण्णा बरोबर ठरले की त्यांच्याजवळ बसवत नाही, आणि तसं पुढं कितीतरी दिवस चाललं.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट अण्णांच्या डोक्यात आली नाही. त्या गल्लीत बाकी सगळी घरं पत्र्याची. स्लॅबची मोठी, स्वच्छ गच्ची एवढीच. दर वर्षी उन्हाळा तापला की गल्लीतल्या बायका तिथं वाळवणाला जमायच्या. आज काकूंच्या कुरडया, उद्या शेजारणीच्या खारोड्या, परवा कुणाचे सांडगे. पहाटे गव्हाचा चीक शिजायचा, उन्हं वर यायच्या आत सोऱ्यानं कुरडया पाडून व्हायच्या, आणि मग नुसत्या गप्पा. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी ते पाहिलं होतं. खाली कधी आवाज न चढवणाऱ्या काकू वर तहसीलदारांची नक्कल करायच्या, आणि बायका हसून लोळायच्या.

पॅनल बसवून झाली त्या दिवशी काकू शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. गच्चीभर लोखंडी सांगाडे, त्यावर पॅनल, त्यांच्या खाली सावली, आणि उरलेल्या जागेत टाक्या. "पाय कुटं ठेवायचा?" एवढंच त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "आता वर यायचं कामच काय? समदं मोबाइलात दिसतंय." काकू आल्या पावली खाली उतरल्या.

बोलल्या त्या माझ्याशी, संध्याकाळी, भाकरी थापता थापता. "वरीसभर मी खाली ह्येंच्या कपाबश्या मोजती, मॅडम. उन्हाळ्याचं तेवढं चार दिस वर बसती. बाया येत्यात, हसत्यात. तेवढंच माझं असतंय. त्येबी गेलं बघा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला अण्णांचा असा राग आला की त्या दिवशी मी त्यांना आकडा, थंडी, काहीच सांगितलं नसतं.

अण्णांच्या मनात काहीच नव्हतं हो, हेच तर दुखणं. ते आपल्या जागी सगळ्यांना वाटून देत होते. मोबाइलात सहा चौकोन दिसायचे, प्रत्येक डब्याचा एक. अण्णांनी त्यांना नावं दिली. एक स्वतःचं, एक काकूंचं, एक माझं, एक तहसीलवाल्यांचं, एक पाण्याच्या मोटरीचं आणि एक पुण्याला दिलेल्या लेकीचं, जी वर्षातून दिवाळीला यायची. मग रोज संध्याकाळी निकाल. मी फाटकातून आत येतेय, चार लोक रस्त्यानं चाललेत, आणि अण्णा ओट्यावरून सांगतायत, "मॅडम, आज तुमचं जरा कमी आलं, पण काळजी करू नका." काकूंचं बहुतेक वेळा सगळ्यात जास्त यायचं. "आज बी आमच्या मंडळींचंच एक नंबर," असं ते सगळ्यांना सांगत. माझ्या माहितीत काकूंची तोंडभरून तारीफ त्यांनी पहिल्यांदा केली ती अशी, युनिटमध्ये.

एकदाच फजिती झाली. भर दुपारी लाइट गेली आणि अण्णांचंही घर बंद पडलं. गल्ली हसायला लागली. वर सूर्य आग ओकतोय, सहा पॅनल तापलेली, आणि पंखा बंद! खांबावर कुणी काम करत असलं तर आपल्याकडून उलटा करंट जाऊन त्याला शॉक बसू नये म्हणून हे डबे आपणहून थांबतात, ही त्यातली मेख. अण्णांना ती माहीत नव्हती. दोन दिवस ते फाटकाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून ते फाटकात उभे राहून सांगायला लागले की आपल्यामुळं कुणाचा जीव जाऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनीच हे डबे घ्यावेत.

मग उन्हाळा आला, आणि काकूंचं पॅनल आजारी पडलं.

सकाळी ठणठणीत. अकराच्या सुमाराला जे पडायचं ते पार तळाला. चारनंतर पुन्हा उभं. बाकीची पाच व्यवस्थित. अण्णा हवालदिल. अगोदर त्यांनी पॅनल पुसून घेतलं, मग तारा बघितल्या. दुपारी वर जाऊन बघावं, असं कुणालाही सुचेल. पण मागं एकदा अण्णांना ऊन लागून सलाइन लावावं लागलं होतं, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायचं नाही हा काकूंचा हुकूम होता. शिवाय मोबाइलात सगळं दिसत होतंच.

माझी शाळा उन्हाळ्यात सकाळची. मी दुपारी खोलीवर आले की दारातूनच दिसायचं काय ते. काकूंनी आपल्या पॅनलवर जुनं पांढरं लुगडं अंथरलेलं, त्याची चारही टोकं सुतळीनं सांगाड्याला बांधलेली, आणि त्यावर ओळीनं कुरडया. काच अशी तापलेली की अकराला घातलेली कुरडई चारला कडकडीत. मी बघितलं, काकूंनी मला बघितलं. "माझंच पॅनल हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचंच. आणि खोलीत जाऊन पंखा लावला. मला विचारलंच नव्हतं कुणी, मी कशाला बोलू?

इकडं अण्णांनी निदान केलं की डबा आणि पॅनल यांचं जमत नाहीये. पण थंडीत जुळवताना तर सगळं तपासलं होतं. मग खोट डब्यात की पॅनलमध्ये? काकूंचं आणि माझं पॅनल एकाच जातीचं, म्हणून गल्लीतल्या वायरमनला धरून त्यांनी एका संध्याकाळी दोघींचे डबे आपसात बदलले. मोबाइलातलं नाव डब्याबरोबर जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू खणखणीत आणि मी तळाला. संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर अण्णा फाटकातच. "मॅडम, तुमचं पडलं." रस्त्यानं जाणारे दोघं थांबून माझ्याकडं बघायला लागले. "पण तुमचा दोष न्हाय," अण्णांनी मोठ्यानं खुलासा केला. "डबा निर्दोष हाय. पॅनलच खराब हाय."

मग डबे पुन्हा आपापल्या जागी गेले आणि लातूरच्या दुकानाशी भांडण जुंपलं. पॅनल बदलून द्या, नाहीतर माणूस पाठवा. माणूस आला तो सकाळी आला, तपासून बरोबर आहे म्हणाला आणि गेला. दुपारी पुन्हा तेच. अण्णांचं जेवणात लक्ष लागेना. काकूंच्या नावाला बट्टा लागला याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. एक नंबरचं पॅनल आता रोज शेवटून पहिलं. "तिचं असं कसं हुतंय?" ते मला हळूच विचारायचे, आणि मला त्या वेळी त्यांची कीवही यायची.

शेवटी त्यांनी दुकानाला निक्षून सांगितलं, या वेळी माणूस भर दुपारी आला पाहिजे, आजार अंगात असताना. तो आला. अण्णांनी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला, काकूंचा हुकूम मोडला आणि त्याच्या मागून जिना चढले. काकू वरच होत्या. मी दारात.

दुकानाचा माणूस पॅनलपाशी गेला. कुरडया बघितल्या, अण्णांकडं बघितलं, मीटर पिशवीत परत ठेवलं आणि म्हणाला, "सावली हाय, अण्णा."

अण्णा नुसते बघत राहिले. काकूंनी पदर नीट केला.

"आवं, तुमीच गावाला सांगताव न्हवं," काकू म्हणाल्या, "एकावर सावली पडली तर बाकीच्यांचं काय अडत न्हाय म्हणून. मग म्या माझ्याच पॅनलवर टाकली. दुसऱ्या कुणाच्याला धक्का लावला का? इचारा मॅडमला."

"मला सांगायचं तरी," अण्णा म्हणाले.

"तुमी इचारलंव का? लेकीला पॅनल दिलं, मोटरीला दिलं. माझं नाव मोबाइलात घातलं, आन मला बसायला जागा ठेवली न्हाय. मोबाइलात कुरडया वाळत न्हाईत."

हे सगळं त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. अण्णांनी वाकून लुगड्यावरची एक कुरडई उचलली. बोटात ती कट्कन मोडली. त्यांनी ती परत जागेवर ठेवली आणि ते हळूहळू जिना उतरून खाली गेले. दुकानाच्या माणसाला काकूंनी तळलेल्या कुरडया आणि चहा दिला. पाहुण्याचा कप वेगळा असतो, तो कुठला हे त्यानं विचारलंसुद्धा. अण्णांची ख्याती लातूरपर्यंत गेली होती.

नंतर अण्णा संध्याकाळचा निकाल सांगेनासे झाले. ओट्यावर बसायचे, मोबाइल उघडायचे, मिटायचे. तहसीलवाल्यांनी आपलं किती आलं असं आपण होऊन विचारलं तर म्हणाले, बघा की तुमचं तुमी. काकू नेहमीसारख्या कामात. घरात कुणी भांडत नव्हतं, पण चहा निवून जात होता.

मग एके दिवशी सकाळच्या शाळेतून येते तर वायरमन गच्चीवर. मला वाटलं काकूंचं पॅनल निघालं! जिना धावत चढले. तर निघाली होती ती मधली दोन. एक लेकीचं आणि एक खुद्द अण्णांचं. लेकीला म्हणे त्यांनी रीतसर फोन करून परवानगी विचारली. तिला आपल्या नावाचं पॅनल आहे हेच माहीत नव्हतं. सांगाडेही उपटून काढले आणि मधोमध ऐसपैस जागा मोकळी झाली. अण्णांनी ती स्वतः दोनदा धुतली. काढलेली पॅनल वायरमन म्हणाला विकून टाकू, तर ती बैठकीत भिंतीला उभी केली. कंपनीतून फोन आला की साहेब, तुमचे दोन डबे काहीच दाखवत नाहीत, बिघाड आहे का? अण्णा म्हणाले, बिघाड हुता, काढला.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. पाट आले, सोरे आले, चिकाचं पातेलं दोघींनी धरून वर आणलं. गच्चीवर पुन्हा तो गलका. मी शाळेतून आले तेव्हा कुरडया पाडून झाल्या होत्या, आणि काकू कुणाची तरी नक्कल करत होत्या. या वेळी तहसीलदार नव्हते. मोबाइल नाकाशी धरून कुणीतरी म्हणत होतं, "मॅडम, तुमचं पडलं." बायकांची हसून मुरकुंडी वळलेली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बायका चट्कन गप्प झाल्या, पदर सावरले गेले. अण्णा वर आले, भर दुपारी, डोक्यावर काळी छत्री उघडलेली. शेवटच्या पायरीवर थांबले. काहीतरी सांगायला आलेत असं वाटलं, पण हातात मोबाइल नव्हता. मग घसा खाकरून काकूंना म्हणाले,

"मी बसू का जरा हितं? कावळे हाकलतो."

त्या घरात त्यांनी काकूंना कधी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. काकूंनी सोऱ्या पुसता पुसता एकदा वर बघितलं.

"बसा की," त्या म्हणाल्या. "पण छत्री मिटा. कुरडयांवर सावली पडायलीय."

अण्णांनी छत्री मिटली आणि उन्हात बसले.